लिंबाखालचा खड्डा

सरोजिनीबाईंच्या पोटात दुखायला लागलं ते लोकरीच्या हातमोज्यांवरून, असं त्या स्वतः सांगतील. त्यांचं काही ऐकू नका. दुखणं जुनंच होतं, मोजे नुसतं निमित्त झाले.

सरोजिनीबाई सोलापुरात मुलींच्या शाळेत गणित शिकवतात. पन्नाशी ओलांडली तरी पाठ ताठ, आणि दरारा असा की नुसता खडू टेबलावर आपटला तरी मागच्या बाकावरच्या पोरी गप्प. दर रविवारी पहाटे सायकली काढणाऱ्या दहा-बारा बायकांचा गट त्यांनीच जमवला. नवऱ्यांची कुजबुज, शेजाऱ्यांचं खिदळणं, कुत्र्यांचं अंगावर येणं, सगळं त्यांनीच अंगावर घेतलं. त्यामुळं रांगेत पहिली सायकल कुणाची हा प्रश्न कधी कुणी विचारलाच नव्हता. पुढं बाईच.

आता पुढं असणं म्हणजे नुसती मिरवायची जागा नव्हे बरं. बारीक टायरच्या सायकली एकामागं एक चिकटून पळतात तेव्हा मागच्या बाईला रस्ता दिसतच नाही, दिसते फक्त पुढचीची पाठ. रस्ता बघायचा तो पहिलीनं. खड्डा आला की ज्या बाजूनं वळायचं तो हात तिनं बाहेर काढायचा आणि ओरडायचं. मागचीनं तोच हात, तीच हाक मागं पाठवायची, असं शेवटच्या सायकलीपर्यंत. आणि बाईंचा नियम एकच होता. हात दिसला की वळायचं. चर्चा घरी.

सोलापुरात सायकल चालवावी तर थंडीतच. उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं तिथं टायरची काय कथा? पण देवाची करणी अशी की थंडी आली की उसाचा हंगामही येतो. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर गाणी लावून दिवसरात्र धावतात आणि रस्त्याची चाळण करून टाकतात. कडा तुटतात, खडी वर येते, मधेच ऊस पडलेला असतो, त्यावरून चाक घसरलं की संपलं. म्हणजे हवा चांगली तर रस्ता वाईट. तरीही बाईंना मंद्रूपकडचा आतला रस्ता तोंडपाठ होता. खड्ड्यांना त्यांनी नावं दिली होती. एकाचं नाव 'आमदार', कारण तो पाच वर्षांतून एकदाच बुजतो. एकाचं 'सासूबाई', कारण कुठूनही गेलं तरी तो गाठतोच. आणि सगळ्यात खोल तो 'लिंबाखालचा', वळणावरच्या जुन्या कडुलिंबाच्या सावलीत दबा धरून बसलेला. तिथं बाई लांबूनच उजवा हात काढायच्या. मागच्या बायका म्हणायच्या, बाईंना डोळे मिटून रस्ता दिसतो. बाईंना ते खरंच वाटायला लागलं होतं, आणि इथंच माती खाल्ली.

मधे आली भार्गवी.

भार्गवी म्हणजे बाईंची धाकटी जाऊ. एकाच घरात राहणं, बाई खाली, भार्गवी माडीवर. ती एका पतसंस्थेच्या काउंटरवर बसते. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी सायकल येत नव्हती. बाईंनीच मैदानावर तिचं सीट धरून तिच्यामागं धावत धावत तिला शिकवलं. गुडघे फुटले तेव्हा हळदही बाईंनीच लावली. कौतुकानं सगळ्यांना सांगायच्या, "माझी शागीर्द आहे ही." शागीर्द मागं चालत होती तोवर कौतुक ठीकच होतं की.

डिसेंबरात शाळेचं स्नेहसंमेलन आलं, मग मुलींची सहल आली, आणि सहलीहून बाई सर्दी घेऊन आल्या. सलग काही रविवार हुकले. तेवढे रविवार पुढं राहिली भार्गवी. आणि फोनवर गटाचे निरोप यायला लागले. आज कसं गादीवरून गेल्यासारखं वाटलं. भार्गवी, तुझा हात म्हणजे हात आहे गं. भार्गवी, जिंदाबाद. बाई नाकाला रुमाल लावून ते वाचायच्या आणि फोन उताणा ठेवायचा तो पालथा ठेवायच्या.

"पोटात दुखतंय का तुझ्या?" त्यांचे यजमान नंदूराव यांनी विचारलं. साधा माणूस. चेहरा बघून विचारलं बिचाऱ्यानं, आणि उठून ओवा आणून दिला. बाईंनी तो रागारागानं चावून खाल्ला.

संक्रांतीनंतरच्या रविवारी गट दरवर्षी मंद्रूपला जायचा. शांतम्माचं माहेर तिथलं. ही शांतम्मा चटणी कांडपाची गिरणी चालवते; अंगानं दणकट, तोंडानं त्याहून. तिच्या भावाच्या शेतात हुरडा खायचा, एकमेकींना तीळगूळ द्यायचा आणि उन्हं चढायच्या आत परतायचं. वर्षातली सगळ्यात मोठी सफर, आणि त्या दिवशी पुढं असण्याचा मान काही और. त्या आठवड्यात बाईंच्या ओट्यावर सगळ्या जमल्या तेव्हा शांतम्मानंच तोंड उघडलं.

"बाई, राग मानू नका. पन या टायमाला भार्गवीला फुडं ऱ्हाऊ द्या की. तिच्या मागं लई निवांत वाटतंय बगा."

बाई हसल्या. गणिताच्या बाई उत्तर चुकल्यावर हसतात तसं.

"छे छे!" भार्गवी घाईनं म्हणाली. "ताई असताना मी पुढं? शोभतं का ते?"

आता या वाक्यात वावगं काय आहे? काही नाही. म्हणून तर बाईंना ते जास्त झोंबलं. जाऊ भांडखोर असती तर बरं झालं असतं, दोन दिली असती, दोन घेतली असती. ही मेली नम्र! नम्र माणसाशी भांडायचं तरी कसं? शेवटी शांतम्मानंच तोड काढली, की जाताना बाई पुढं, येताना भार्गवी. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाईंनीही डोलावली, पण मनात म्हणाल्या, जातानाच असं नेते तुम्हाला की येताना तुम्हीच म्हणाल, बाई, तुम्हीच राहा पुढं.

शनिवारी संध्याकाळी दोघी जावा खालच्या स्वयंपाकघरात शेंगापोळ्या करत होत्या. पोळी बाई लाटायच्या, भाजायची भार्गवीनं. पोळीत मात्र बाईंचा हात भारी, सारण कडेपर्यंत जाणार आणि कुठं फुटणार नाही. तेवढं एक त्यांच्याकडं राहिलं होतं म्हणा ना. तवा उतरवल्यावर भार्गवीनं हात पुसले आणि पिशवीतून एक जोडी हातमोजे काढून बाईंच्या पुढं ठेवले.

"संक्रांतीचं वाण म्हणून विणलेत, ताई. सगळ्यांना एकेक जोड. पहिला तुम्हाला."

बाईंनी बघितलं. डावा मोजा पिवळाधमक, उजवा लालभडक.

"एकाच रंगाची लोकर मिळाली नाही वाटतं?"

"मुद्दाम केलंय. पहाटे धुक्यात मागच्यांना हात दिसतो, पण डावा की उजवा ते पटकन कळत नाही. आता नुसता रंग बघून कळेल. पिवळा दिसला की डावीकडं, लाल दिसला की उजवीकडं."

किती साधी गोष्ट! इतकी वर्षं पुढं राहून बाईंच्या डोक्यात आली नव्हती. गणिताच्या बाईंच्या! त्यांच्या छातीत काहीतरी तडकलं. हिला हे सुचतं कसं? आणि सुचल्यावर गप्प बसवत नाही का हिला? बाईंनी मोजे उचलले, डब्यांच्या फळीवर ठेवले आणि म्हणाल्या, "बघू. मला लोकरीनं खाज येते." त्यांना आयुष्यात कधी लोकरीनं खाज आली नव्हती.

भार्गवी म्हणाली, "ताई, अजून एक. रस्ता लई बदललाय तुम्ही आला नव्हता तेवढ्यात. लिंबाखालचा खड्डा बुजवलाय, पण..."

"मला रस्ता सांगतेस?" बाईंचा आवाज चढला. "मला? तुझं सीट धरून मी धावत होते तेव्हा तुला हँडल सरळ धरता येत नव्हतं, भार्गवी. तो रस्ता मला झोपेतसुद्धा येतो."

"तसं नाही ताई, मी म्हणत होते..."

"पोळ्या गार होतायत. वर घेऊन जा."

भार्गवीनं डबा उचलला आणि गेली. वाक्य तिथंच तव्यावर राहिलं.

रविवारी पहाटे कडाक्याची थंडी होती. सोलापूरच्या थंडीला बाहेरचे लोक हसतात, हसू देत. पहाटे सायकलवर बसून बघा म्हणावं, बोटं आपली आहेत की उसनी आणलीत ते कळत नाही. गटातल्या सगळ्यांच्या हातांत लाल-पिवळे मोजे होते. एकट्या बाई उघड्या हातांनी. शांतम्मानं ते बघितलं, भार्गवीकडं बघितलं आणि सायकलवर टांग मारली.

बाई पुढं, त्यांच्या मागं भार्गवी, तिच्या मागं शांतम्मा आणि मग बाकीच्या. शहर मागं पडलं, ज्वारीच्या रानातून थंडगार वारा यायला लागला. बाईंनी खड्डे पुकारायला सुरुवात केली. आणि काय पुकारलं म्हणता! 'आमदार' आला, डावा हात. 'सासूबाई' आली, उजवा. खड्डा दिसायच्या आधीच हात बाहेर. मागून हाका पोचत होत्या, शेवटच्या सायकलीपर्यंत. कुणीतरी ओरडलं, "वा बाई!" बोटं बधिर झाली होती, पण बाईंना ऊब आली. त्या मान किंचित वळवून बघायच्या, भार्गवीनं ऐकलं ना? तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का? एकदा 'वा' ऐकून तिचा चेहरा पडावा, एवढंच हवं होतं त्यांना. भार्गवी आपली खाली मान घालून पाय मारत होती.

वळण जवळ आलं. पुढं उसाचा ट्रॅक्टर गेला होता, त्याची धूळ अजून हवेत होती. धुळीतून बाईंना लिंबाचा शेंडा दिसला, आणि त्यांनी झोकात उजवा हात काढला. "लिंबाखालचा! उजवीकडं घ्या!"

त्यांनी रस्ता बघितलाच नाही. लिंब बघितला.

जुना खड्डा होता तिथं आता काळंभोर, गुळगुळीत ठिगळ होतं. आणि त्याच्या उजव्या अंगाला, जिथून आजवर सुखानं जाता यायचं, तिथं ट्रॉल्यांच्या चाकांनी डांबर पार खरवडून काढून एक नवीनच विहीर खणली होती. बाईंना ती दिसली तेव्हा ती पुढच्या चाकाखाली आली होती. त्यांनी दोन्ही हातांनी हँडल घट्ट धरलं, अंग बाहेर फेकलं आणि खड्ड्याच्या काठावरून कशाबशा निसटल्या. हाक मारली नाही. हात दाखवला नाही. जीव वाचवला, स्वतःचा.

मागून भार्गवीचा आवाज आला. "डावीकडं! डावीकडं घ्या!" मग पत्रा आपटल्यासारखा आवाज झाला.

बाई वळून बघतात तो सगळी रांग डाव्या अंगानं, गुळगुळीत ठिगळावरून सुखरूप निघून येत होती, आणि खड्ड्यात सायकल, सायकलीखाली भार्गवी. तिचा डावा हात अजून वरच होता. धुळीत तो पिवळा मोजा कुणालाही दिसला असता.

सायकली टाकून सगळ्या धावल्या. भार्गवीचं उजवं मनगट बघता बघता सुजलं. शांतम्मानं ओढणीची झोळी करून हात गळ्यात बांधला. दोन्ही हात हँडलवर असते तर ही पडली नसती, हे तिथं उभ्या असलेल्या प्रत्येकीला कळत होतं. मागच्यांना हात दाखवायला तिनं एक हात सोडला, म्हणून पडली. बाईंनी सोडला नव्हता. तेही प्रत्येकीला कळलं असणार, या विचारानं बाईंचे कान तापले.

"अय्यय्यो, काय ही विहीर!" शांतम्मा खड्ड्यात डोकावत म्हणाली. "आन बाईस्नी कुनी सांगायचं न्हाय व्हय? भार्गवी, मागल्या रविवारी तूच तर आमाला हितनं नेलीस की!"

भार्गवीचा चेहरा वेदनेनं पांढरा पडला होता. "विसरले मी, शांतम्मा," ती म्हणाली. "सांगायचं राहून गेलं. माझंच चुकलं."

बाईंनी सुटकेचा श्वास घेतला असेल असं वाटतं ना? छे. त्यांच्या अंगाचा भडका उडाला. पुढं राहायचं हिनं. मोजे सुचायचे हिला. हात दाखवून पडायचं हिनं. आणि आता चूकसुद्धा हिनंच घ्यायची? माझी स्वतःची चूक? ती तरी माझ्याकडं राहू दे!

"खोटं बोलू नकोस," बाई कडाडल्या. "शांतम्मा, ही विसरली नव्हती. काल माझ्या स्वयंपाकघरात सांगत होती मला. मीच तोंड बंद केलं तिचं. चूक माझी आहे, हिची नाही. हिचा काही संबंध नाही!"

एवढ्या तावातावानं स्वतःची चूक मागून घेणारं माणूस त्या बायकांनी कधी बघितलं नव्हतं. शांतम्मा तोंडावर हात धरून वळली. हसली की रडली, देव जाणे.

नंदूराव आणि धाकटे दीर गाडी घेऊन आले आणि भार्गवीला दवाखान्यात घेऊन गेले. हुरडा कुणाच्या घशाखाली उतरला नसता, म्हणून गट तिथूनच परत फिरला. परतीला पुढं भार्गवी राहायची होती. सगळ्या बाईंकडं बघायला लागल्या. गाडीत बसताना भार्गवीनं आपले मोजे काढून बाईंच्या हातात दिले होते. उजवा काढताना तिनं ओठ चावला होता. बाईंनी ते घातले आणि सायकल पुढं घेतली. मोजे ऊबदार होते. नसते तर बरं झालं असतं. सगळा रस्ता त्यांनी एकही नाव पुकारलं नाही, नुसता रस्ता बघत राहिल्या. नवीन खड्डे इतके होते की आपण कुठल्या रस्त्यावरून आलो होतो असा त्यांना प्रश्न पडला.

मनगटाला प्लॅस्टर बसलं. संध्याकाळी बाई माडीवर गेल्या तेव्हा भार्गवी आरशापुढं बसून डाव्या हातानं केस सोडवायचा प्रयत्न करत होती. बाईंनी फणी हिसकावून घेतली आणि तिच्या मागं बसल्या. भार्गवीचे केस लांब आहेत, दाट आहेत. तेही.

"तुला माहीत होता ना तो खड्डा?" बाईंनी विचारलं.

"हो."

"मग मी उजवा दाखवल्यावर वळलीस कशाला? डावीकडं घ्यायचीस."

"तुम्ही एक दाखवणार आणि मी दुसरं, तर मागच्यांनी कुणाचं ऐकायचं?" भार्गवी आरशात बघून म्हणाली. "चर्चा घरी, हे तुमचंच ना? आणि खरं सांगू का ताई, मला वाटलं, तुम्हाला दिसलाच असणार. तुम्हाला दिसला नाही असं कधी झालंय?"

बाईंचा हात थांबला. आजवर त्यांना कुणी इतकं मोठं काही म्हणालं नव्हतं, आणि इतकं लागेल असंही काही म्हणालं नव्हतं. त्यांना रडू आलं. रडता रडता मनात आलं, मेली पडतानासुद्धा माझ्यापुढं गेली. मत्सर काही मेला नव्हता. तिथंच होता, डोळ्यांतल्या पाण्यात छान आंघोळ करून बसला होता.

त्यांनी नाक पुसलं, केसांचे तीन पेड केले आणि वेणी घालायला घेतली.

"काल काय सांगत होतीस?" त्या म्हणाल्या. "लिंबाखालचा बुजवलाय, पण. पण काय?"

भार्गवीनं आरशातून जावेकडं बघितलं आणि हळूहळू सांगायला लागली. लिंबाखालचा बुजवलाय, पण त्याच्या उजव्या अंगाला नवा झालाय. 'सासूबाई' आता दोन झाल्यात, मधून एक चाक जाईल एवढीच जागा आहे. पुलाच्या अलीकडं खडी आहे, तिथं ब्रेक दाबायचा नाही. ओढ्याच्या उतारावर ऊस पडतो, तिथं कडेनं. एकेक खड्डा, एकेक कड, तिनं किती बारकाईनं बघून ठेवलं होतं! आपण इतकं कधी बघितलं होतं? बाई ऐकत होत्या, लक्षात ठेवत होत्या, आणि आतून जळत होत्या. पेडावर पेड घट्ट बसत होता.

"ताई, केस ओढले जातायत."

"ओढू देत," बाई म्हणाल्या. "पुढं सांग."